खूण झाकणावर होती

आमच्या घरात बादल्यांना तोटा नाही. माझे मिस्टर रंगकाम करतात. कुणाचा फ्लॅट रंगवून झाला की रंगाच्या रिकाम्या बादल्या ते घरी आणतात. पांढऱ्या, वीस लिटरच्या, घट्ट बसणारे झाकण आणि तारेची कडी असलेल्या. पाणी भरायला, कपडे भिजवायला, तांदूळ ठेवायला, तुळस लावायला आमच्याकडे त्याच. कुणी आले की सासूबाई एक बादली उलटी करून पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बसा, खुर्चीच हाय ती."

आम्ही नदीकाठच्या वस्तीत राहतो, पुलाच्या खालच्या अंगाला. एरवी पुलावरून जाणारे लोक नाकाला रुमाल लावून जातात. धरणातून पाणी सोडले की तेच लोक कठड्याला गर्दी करून फोटो काढतात. त्या फोटोंत खाली आमची पत्र्याची घरे असतात.

मुलगी दुसरीत असताना आमच्या घरात पहिल्यांदा छातीएवढे पाणी आले. जीव वाचले, बाकी काही नाही. नंतर पंचनाम्याला एक साहेब आले. मी माझ्याच घरात घोटाभर चिखलात उभी होते. साहेब दारातून म्हणाले, "इथं राहता याला पुरावा काय?" रेशनकार्ड गेले होते, लाइटबिल गेले होते, मुलीचा जन्माचा दाखला गेला होता. मी चिखलाकडे बघत राहिले. बोलायला पाहिजे होते, पण मला बोलता येत नाही. चौथीत बाई मला उभे करून धडा वाचायला लावायच्या तेव्हाही माझा आवाज घशातच राहायचा. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा वाईट वाटले, आणि आता उभे राहून वाचावे लागणार नाही म्हणून बरेही वाटले. ते कागद परत मिळवायला दीड वर्ष गेले. किती खिडक्यांसमोर उभी राहिले त्याची मोजदाद नाही.

त्यानंतर मी एक बादली वेगळी काढली. चीर नसलेली, झाकण पक्के बसणारी. तळाशी फडक्यात बांधलेले तांदूळ, म्हणजे आत ओल धरत नाही. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्यांचे कागद. मग सासूबाईंच्या जादा गोळ्या, एक टॉर्च, काड्यापेटी, गूळ-फुटाण्याचा डबा. दरवर्षी पावसाळ्याआधी तांदूळ बदलायचे, गोळ्यांच्या तारखा बघायच्या आणि बादली दारावरच्या फळीवर ठेवायची. इतर बादल्यांत मिसळू नये म्हणून मिस्टरांच्या डब्यातला लाल ऑइलपेंट घेऊन तिच्या झाकणावर कुंकवाएवढा ठिपका दिला.

वस्तीतल्या बायकांना हे कळले तेव्हा त्यांनी हसून घेतले. नळावर एक म्हणायची, "हिच्या स्वप्नात रोज नदी येत असंल." माझ्या स्वप्नात नदी कधीच आली नाही. बादली फळीवर असली की मला पावसाळ्यात छान झोप लागते. भीती सासूबाईंना होती. त्या पावसाळाभर नदीचे नाव घ्यायच्या नाहीत, 'ती' म्हणायच्या, दर मंगळवारी तिच्यात नारळ सोडायच्या, पण गोळ्या कुठे ठेवल्यात हे त्यांना विचारले तर सांगता यायचे नाही. मिस्टरांना भीतीही नव्हती आणि तयारीही. ते म्हणायचे, "यायचं तेव्हा येईल. दरवर्षी भोंगा वाजवत महापालिकेची गाडी येते आणि जाते."

मी सदाशिव पेठेत तीन घरी पोळ्या करते. त्यातल्या एका घरात आजोबा आहेत. पूर्वी कुठल्याशा सरकारी खात्यात होते. पावसाळ्यात ते सकाळी पेपरमधला धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा मोठ्याने वाचतात. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी लाटणे थांबवून ऐकत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला समजतो का हा आकडा?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी पेपरच्या कडेला पेन्सिलीने नदी काढून दाखवली. पाणी सोडल्यावर आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, तेवढा वेळ आपल्या हातात असतो, हे मला त्यांनीच शिकवले. मी घरी येऊन वहीच्या पानावर लिहायला लागले. अमुक आकडा असला की पाणी घाटाच्या कितव्या पायरीवर. अमुक असला की देवळाच्या ओट्यावर. तीन पावसाळ्यांत माझे पान भरले. आकडा पाच अंकी झाला आणि पुढे वाढत चालला, तर पाणी ओटा सोडते आणि आपण घर सोडायचे, हे मला कुणाच्या भोंग्याशिवाय कळायला लागले.

पण हे सगळे माझ्या वहीत होते. घरात मी कधी कुणाला बसवून सांगितले नाही. सांगायला गेले की मिस्टर म्हणायचे, "झालं तुझं हवामान खातं सुरू." मग मी वही मिटून ठेवायची. एवढे मात्र वाटायचे की ठिपका सगळ्यांना दिसतोच आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. मुलगी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला नर्स व्हायचे होते. लहानपणी पुराच्या वेळी शाळेत मुक्कामाला होतो तेव्हा एका नर्सने तिच्या पायाची जखम धुतली होती, तेव्हापासून तिचे तेच चालले होते. यादीत तिचे नाव आले. गुरुवारी मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला, असा निरोप फोनवर आला. तिने तो मला तीनदा वाचून दाखवला.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी दिव्यांची अवस आली. सासूबाईंनी घरातले सगळे दिवे घासून चौरंगावर मांडले. समई, निरांजन, जुना कंदील. मग मला म्हणाल्या, "ती ब्याटरी पण काढ. ती बी दिवाच हाय." मी फळीवरून बादली उतरवली, टॉर्च काढून दिला. त्यांनी टॉर्चला हळदकुंकू लावले, कणकेच्या दिव्यांसमोर आडवा ठेवला आणि हात जोडले. मुलगी हसून म्हणाली, "आजी, सेल पण बदल ना, देव जास्त प्रसन्न होईल." संध्याकाळी मी टॉर्च पुसून परत बादलीत ठेवला, झाकण दाबून बसवले. मुलीचे कागद तेव्हा आत होते. मी हाताने चाचपून बघितले होते.

मंगळवारी दिवसभर पाऊस पडत होता. मुलगी म्हणाली, "आई, माझे कागद काढून देतेस का? बॅगेत ठेवते, गुरुवारी गडबड नको."

मी म्हटले, "अगं, एवढा पाऊस आहे. गुरुवारी सकाळी काढू. त्या बादलीइतकी चांगली जागा नाही."

ती बरे म्हणाली. तिचा माझ्या बादलीवर विश्वास होता. घरात तिचा एकटीचाच होता.

बुधवारी सकाळी मी कामावर गेले. आजोबांनी पेपर उघडलाच नाही, मोबाईल माझ्यासमोर धरला. "बाई, पेपरातला आकडा शिळा झाला. हा बघा." मी बघितले. आकडा माझ्या पानावरच्या शेवटच्या ओळीला पोचला होता. मी पोळपाट बाजूला ठेवला.

काकू, म्हणजे आजोबांच्या सूनबाई, स्वयंपाकघरात आल्या. "हे काय, मळलेली कणीक तशीच? नदीला म्हणावं दहा मिनिटं थांब, आमच्या सहा पोळ्या राहिल्यात."

आजोबा आतून म्हणाले, "आपल्याकडे ती येत नाही ना, म्हणून तुला दहा मिनिटं सुचतात. जाऊ दे त्यांना."

काकू म्हणाल्या, "जा बाई. उद्या मात्र या. नाहीतर फोन करा, आम्ही ब्रेड आणू. आमच्यावरही आपत्तीच आहे."

मी चालत, पळत घरी आले. पाणी देवळाच्या ओट्याला लागायला अजून चार बोटे बाकी होती. मी लाइटचे मेन बटण बंद केले. गॅसचा रेग्युलेटर काढला आणि सिलिंडर साखळीने खिडकीच्या गजाला बांधला. हे सगळे मी मनात इतक्या वेळा केले होते की हात आपोआप चालत होते. सासूबाई कॉटवर बसून होत्या. "पाणी कुठं हाय अजून? लोकं बसल्यात की घरात."

"आई, उठा. पाणी दिसल्यावर तुम्हाला उचलायला मला जमणार नाही."

त्या उठल्या. मी स्टूल घेऊन फळीवरून बादली उतरवली. वर लाल ठिपका. वजनही नेहमीसारखे. ती डोक्यावर घेतली, एका हाताने सासूबाईंना धरले आणि निघाले. नळावरची ती बाई दारात उभी होती. "बघा निघाली. आधी बादली, मग सासू." दोघी-तिघी हसल्या. मला तेव्हा वाटले, यांना सांगावे की तुम्हीही निघा, आकडा मोठा आहे. एक क्षण थांबलेही. पण तोंडातून एवढेच आले, "पाणी येतंय हं." ते पावसाच्या आवाजात कुणाला ऐकू गेले नसावे.

चढावर महापालिकेची शाळा आहे, तिथे जाऊन बसलो. मुलीला फोन करून परस्पर तिकडेच बोलावून घेतले. ती मैत्रिणीकडे गेली होती. मिस्टर सकाळपासून वारज्याला कामावर होते. गणपतीच्या आधी एका घराचे आतले रंगकाम त्यांना मिळाले होते. दुपारी बाराच्या सुमाराला पाणी आमच्या खिडकीला लागले. मग लोक यायला लागले. ओले, कडेवर पोरे, हातात मिळेल ते. दोरी धरून यावे लागले म्हणत होते. जीव सगळ्यांचे वाचले. नळावरची बाई आली ती नुसत्या अंगावरच्या साडीनिशी. माझ्या बादलीकडे बघितले आणि भिंतीशी जाऊन बसली. खरे सांगायचे तर मला त्या वेळी बरे वाटले. दहा वर्षे हसलात, आता हसा, असे मी मनात म्हटले. त्या बरे वाटण्याची मला अजून लाज वाटते.

दोन वाजता सासूबाईंची गोळीची वेळ झाली. मुलीने बादली पुढे ओढली, झाकण उपसले आणि तशीच बसून राहिली.

आत पुट्टी होती. अर्धी वाळलेली, पांढरी पुट्टी, तिच्यात रुतलेले दोन ब्रश आणि टर्पेंटाइनचा वास मारणारे एक फडके.

मी झाकण हातात घेऊन उलटसुलट बघितले. ठिपका माझाच होता. बादली माझी नव्हती. बादलीच्या तळाला बारीक चीर होती, तिथे डांबराचा तुकडा लावलेला होता. ती मिस्टरांची कामाची जुनी बादली.

मिस्टर लांबच्या पुलावरून वळसा घालून साडेतीनला शाळेत पोचले. आम्ही तिघी दिसल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. मी त्यांना बसूही दिले नाही.

"माझी बादली कुठाय?"

"वारज्याला आहे. रंग कालवायला घेतली. माझी गळत होती."

"त्यातले कागद?"

"आहेत की. व्यवस्थित रुमालात बांधून पेटीत ठेवलेत. गोळ्या देवाजवळ आहेत, तांदूळ डब्यात ओतले. दोन दिवसांत परत आणून ठेवणारच होतो."

"पेटी कुठाय?"

ते बोलता बोलता थांबले. त्यांनी खिडकीतून खाली, पाण्याकडे बघितले. मग हळू म्हणाले, "कॉटखाली."

रंगवाल्याला बादली लागते, झाकण लागत नाही. सोमवारी मी कामावर गेल्यावर त्यांनी माझी बादली रिकामी केली, झाकण निघालेच होते तर ते आपल्या जुन्या बादलीला लावले, पुट्टी वाळू नये म्हणून. आणि ती बादली मोकळ्या जागी, फळीवर ठेवली. त्यात लपवाछपवी काही नव्हती. त्यांना ते सांगण्यासारखेही वाटले नाही. आमच्याकडे बादली घेताना कुणी कुणाला विचारत नाही.

"ठिपका दिसला नाही का तुम्हाला?" मी विचारले.

"रंगाचा डाग वाटला. माझ्या कुठल्या वस्तूवर डाग नसतो?" मग त्यांचा आवाज थोडा चढला. "आणि तू कधी म्हणालीस का, की ही बादली घेऊ नका? एकदा तरी तोंड उघडून म्हणालीस?"

मी आठवून बघितले. दहा वर्षांत मी ते वाक्य एकदाही बोलले नव्हते.

मुलगी एवढेच म्हणाली, "मी मंगळवारी मागितले होते." ती हे मला म्हणाली, वडिलांना नाही. पुन्हा कधीही म्हणाली नाही. एकदाच म्हणाली म्हणून ते माझ्याकडून अजून पुसले जात नाही.

गुरुवारी आम्ही दोघी कॉलेजात गेलो. मी वाटभर वाक्य पाठ करत होते. साहेब, आम्ही पुरात सापडलो, कागद घरात अडकलेत, चार दिवस द्या. खिडकीपाशी गेल्यावर माझा घसा पुन्हा चौथीतला झाला. मुलगीच बोलली. तिने मोबाईलमधले कागदांचे फोटो दाखवले. आतल्या माणसाने ते नीट बघितलेही. वाईट नव्हता तो माणूस. म्हणाला, "फोटो मलाही दिसतायत, पण मूळ कागद लागतात. पुरात गेले असतील तर तसं पत्र आणा."

"कुणाचं पत्र?"

"ते तुमच्या तिकडच्या ऑफिसात विचारा. पण आज पाचपर्यंतच हं. माझ्या हातात नाही."

तिकडचे ऑफिस त्या दिवशी पुराच्या कामात होते. पाच वाजले. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. तीही कुणाची तरी मुलगीच असेल, असे मी मनाला सांगून बघितले. त्याने काही झाले नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. पेटी चिखलात होती तिथेच होती. मिस्टरांनी रुमालाला खरेच दोन गाठी मारल्या होत्या. आतल्या कागदांचा भिजलेल्या कणकेसारखा गोळा झाला होता. मी शाळेतून तवा मागून आणला, चुलीवर कोमट केला आणि एकेक कागद सोडवून त्यावर वाळवत बसले. फुलका उलटतात तसा बोटांच्या टोकांनी उलटायचा. तीस वर्षे हे हात तव्यावर काम करताहेत, एक पोळी कधी फाटली नाही. शाळा सोडल्याचा दाखला अख्खा निघाला, पण त्यावर अक्षर राहिले नव्हते. शिक्क्याची निळी शाई पसरून सगळा कागद फिकट निळा झाला होता. मिस्टर मागे उभे होते. "इस्त्री फिरवू का हलक्या हाताने?" असे म्हणाले. मी पुढचा कागद तव्यावर ठेवला. त्यांनाही दुःख झाले होते, ते मला दिसत होते. पण त्या वेळी त्यांच्यासाठी माझ्याकडे काही शिल्लक नव्हते.

सगळे कागद नव्याने मिळायला संक्रांत उजाडली. तोवर मुलगी हडपसरला औषधांच्या गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली होती. तिला माणसांना औषध द्यायचे होते. आता ती खोक्यांत भरते. यंदा नर्सिंगचे फॉर्म निघाले तेव्हा मी विषय काढला. ती डबा भरत होती. "बघू," म्हणाली. दोनदा विचारले, दोन्ही वेळा तेच. मग तारीख निघून गेली.

मी मात्र यंदा बोलले. ती माझ्याच्याने कशीबशी झालेली गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवते. मिस्टरांकडून एक नवी बादली घेतली आणि झाकणासकट सगळी, तळापर्यंत, लाल रंगवून घेतली. रंगवताना ते म्हणाले, "आता तर आंधळ्यालाही दिसेल." मी म्हटले, "डोळस माणसाला दिसली तरी पुरे." सासूबाई, मिस्टर, मुलगी, तिघांना बसवून सांगितले. ही बादली कुणी हलवायची नाही. कागद एकीकडे, गोळ्या एकीकडे, आकडा एवढा झाला की कुणाचीही वाट न बघता निघायचे, मी कामावर असले तरी. वहीतले आकड्यांचे पान फाडून दाराच्या आत चिकटवले. नळावरही सांगितले. ती बाई हसली नाही. तिने मिस्टरांकडून दोन बादल्या मागून नेल्या, आणि वस्तीत आता सात घरांत फळीवर लाल बादली आहे. माझ्या मुलीची जागा गेल्यावर हे सुचायचे होते.

पावसाळ्याच्या तोंडावर मी नेहमीप्रमाणे बादली भरायला बसले. फडक्यात तांदूळ बांधले. रेशनकार्ड, सासूबाईंचे आधारकार्ड, लाइटबिले पिशवीत घातली. मुलगी कामावर निघाली होती, पाठीवर सॅक.

"तुझे कागद दे," मी म्हटले.

"माझ्याकडे आहेत."

"कुठे?"

तिने सॅकवर हात ठेवला. रोज हडपसरपर्यंत, बसच्या गर्दीत, ती सगळे मूळ कागद पाठीवर घेऊन जाते आणि घेऊन येते. हे मला त्या दिवशी कळले.

"अगं, बॅग कुणी मारली, भिजली, तर?"

"प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आहेत आई. राहू दे."

ती रागाने बोलली नाही. चपला घातल्या, आजीला गोळीची आठवण केली आणि गेली. मी बादली उचलून बघितली. हलकी लागली. परत खाली ठेवली, फडके सोडले आणि तांदूळ आणखी दोन वाट्या घातले.